राग आला तो रविवार

येरवडा, पुणे
२० फेब्रुवारी २००२

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम.

इथे सगळे बरे आहेत. तू आणि वहिनी नागपूरला मजेत असाल. बाबांचा गुडघा आता ठीक आहे, सकाळी फिरून येतात. आईनं यंदा लवकरच कुरडया घातल्या, वहिनीसाठी डबा बाजूला ठेवलाय. माझ्या ऑफिसात नवं प्रोजेक्ट सुरू झालंय.

सोमवारी तू फोन आपटलास, म्हणून हे पत्र.

माझ्या घशाचं तुला सांगितलं नव्हतं. दिवाळीत अभयशी साखरपुडा झाल्यापासून घास उतरत नव्हता. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, घसा स्वच्छ. त्यांनी विजयमालाबाईंकडे पाठवलं. त्या समुपदेशक आहेत. त्यांनी विचारलं, "लग्नाबद्दल काय वाटतं?"

"काही नाही. ठीक आहे."

खोटं बोलत नव्हते, दादा. आत पाहिलं तर मला खरंच काही दिसायचं नाही. तुम्ही सगळे म्हणायचात, नंदा शांत आहे, समजूतदार आहे. खरं तर मला भावनांची नावंच ठाऊक नव्हती.

बाई म्हणाल्या, "वाटतं ते राहू द्या. अंगात कुठे काय होतं ते सांगा." मग हळूहळू कळत गेलं. घसा आवळतो ते रडू. पोटात खड्डा पडतो ती भीती. कॉम्प्युटरवर माझा पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हा हातापायांना मुंग्या आल्या होत्या, मी अशक्तपणा समजून ग्लुकोज प्यायले होते. बाई हसल्या. "अहो, त्याला आनंद म्हणतात!"

आता रविवारचं. अभयच्या वडिलांकडून, रावसाहेबांकडून तू ऐकलंस, आता माझ्याकडून ऐक.

वारज्याहून अभयकडचे सगळे लग्नाची तारीख ठरवायला आले होते. चहा घेताना रावसाहेब मला म्हणाले, "एप्रिलमध्येच राजीनामा दे, बरं का. आमच्या सुना कॉम्प्युटरपुढे बसत नाहीत." अभयनं मला नोकरी चालू ठेव म्हणून सांगितलं होतं. तो खाली मान घालून चहात बिस्कीट बुडवत राहिला.

माझे कान तापले. आणि दादा, मी ओळखलं! सगळ्यांदेखत म्हटलं, "मला राग आलाय."

आई घाईनं म्हणाली, "तिचा घसा जरा..."

"घसा ठणठणीत आहे, आई. अभय, नोकरी ठेव म्हणालात ना? मग आता बोला."

"घरच्यांचं ऐकावं लागतं," तो म्हणाला.

"मग मला हे लग्न नको."

रावसाहेब उठले. "बाबुराव, मुलीला आवरा!"

बाबांनी कप खाली ठेवला. "सव्वीस वर्षं ही काहीतरी बोलेल म्हणून वाट पाहिली. आता कुठे बोलायला लागलीय. आपण जाताना फाटक तेवढं लावून घ्या."

ते गेल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून पोटभर रडले. मग जेवायला बसले. आई माझ्याशी बोलत नव्हती, पण मी तीन भाकरी खाल्ल्या तेव्हा तिनं न विचारता चौथी टाकली. साधी भाकरी आणि पिठलं, पण अख्खा घास सरळ खाली उतरत होता!

स्थळ तू आणलं होतंस, तुझा शब्द गेला. त्याचं मला वाईट वाटतं. निर्णय मात्र बदलणार नाही.

उत्तर पाठव. राग आला असेल तर 'राग आलाय' असंच लिही, 'सर्व ठीक' लिहू नकोस. मला आता वाचता येतं.

खूप आनंदात असलेली,
तुझी नंदा