ओंजळकराची पदवी

सांगली,
ता. २१ मे १९४५

प्रिय जोतीराम यास श्रेणिकचा नमस्कार.

तू खुशाल असशील असं धरून लिहितो. जर्मनीची लढाई संपल्याचं पेपरात वाचलं तेव्हा आधी तुझीच आठवण झाली. आता तुमच्या पलटणीला घरी कधी आणतात ते सरकारलाच ठाऊक. आमच्याकडे सगळं बरं आहे. दादांनी यंदा नदीकाठच्या तुकड्यात ऊस लावलाय. राजमतीचं लग्न ठरलं. नवरामुलगा कुरुंदवाडकडचा आहे, उंच आहे आणि फार कमी बोलतो, म्हणजे आमच्या राजमतीला बोलायला मैदान मोकळं. मी अजून त्याच छापखान्यात मुद्रितं तपासतो. चष्मा लागलाय.

एवढं लिहायला मला चार दिवस लागले. यावरून काय ते ओळख.

मासिकाचा अंक परत मिळाला. वर तुझ्या अक्षरात पत्ता, आत चिठ्ठी नाही, फक्त ओंजळकर येतो त्या बाविसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला. तो अंक मीच मोठ्या हौसेनं तुला धाडला होता. ‘झिरपूरच्या गोष्टी, लेखक श्रेणिक’ असं छापलेलं बघून तू खूश होशील असं मला वाटलं होतं. निदान तसं मी स्वतःला सांगितलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या पलटणीतला तासगावचा कृष्णात रजेवर आला होता, तो भेटला. बराकीत एकानं ती गोष्ट आवाज काढून वाचली, ओंजळकर आला की सगळे पोट धरून हसायचे, असं त्यानं सांगितलं. तूही हसलास म्हणे. मग विडी ओढून येतो म्हणून बाहेर गेलास तो जेवणाच्या घंटेपर्यंत आलाच नाहीस. “जोतीराम विडी वढत न्हाई,” कृष्णात म्हणाला, “म्हून ध्यानात ऱ्हायलं.” झिरपूर तुझंही आहे हे तिथं तू कुणाला सांगितलं नाहीस. मी इथं कुणाला सांगितलं नाही.

आपल्या मनच्या राज्याची, झिरपूरची वही इतकी वर्षं माझ्याजवळ होती. साताऱ्याच्या बोर्डिंगात आपण ती सुरू केली तेव्हा राज्य म्हटल्यावर मी आधी पदव्याच लिहून काढल्या होत्या. सिंहासनाधीश, महाछत्रपाल, गजदळप्रमुख. माझ्या सिंहासनाधीशाला सात राण्या होत्या आणि चौदा वर्षांचा मी त्यांची नावं शोधण्यात गणिताचा तास घालवत होतो. तू यादी वाचलीस आणि विचारलंस, “गड्या, ह्यांचं काम काय?” राज्य करणं, मी म्हणालो. “ते झालं. पर दिसभर करत्यात काय? आन तुज्या हत्तींना पाणी कोण पाजतंय?”

हत्ती त्याच दिवशी रद्द झाले. मग तुझा कायदा आला की झिरपुरात ज्याला काम नाही त्याला पदवी नाही, आणि बापाची पदवी पोराला मिळायची नाही. झाडं लावून जगवील तो सावलदार. विहिरीचा दोर राखील तो दोरकरी. भांडण मिटवून दोघांना एका ताटात जेवायला बसवील तो ताटकरी. मी तुझी टिंगल करायचो आणि रात्री झोपताना पुढची पदवी काय असेल म्हणून विचार करायचो. सगळ्यात वरची जागा मात्र तू रिकामी ठेवली होतीस, आणि सगळ्यात खालचीही. उन्हाळ्याच्या सुटीनंतर आपण परत आलो, तेव्हा तू वही मागून घेतलीस आणि दोन्ही जागा भरल्यास. वर ओंजळकर: जो सगळ्यांना पाणी वाटतो आणि स्वतः शेवटी पितो, उरलं तर. खाली सांडकर: जो दुसऱ्याचं पाणी सांडतो. “पर ती जल्माची न्हाई हां,” तू म्हणालास. “सांडलेलं भरून दिलं की सुटली.”

सुटीत काय झालं ते मी पुढे लिहिणार आहे.

छापलेल्या गोष्टीत मी ओंजळकराला तळाशी टाकला. फाटक्या घोंगडीतला, वाकडा चालणारा, दरबारात प्रत्येकापुढे हात पसरून “ओंजळभर द्या हो मायबाप” म्हणणारा विदूषक केला. वर सिंहासनाधीश आणला, हत्तींसकट. संपादकांचा आग्रह पडला, राजा नसलेलं राज्य वाचक वाचत नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं.

हे वरचं वाक्य खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. संपादकांनी एक अक्षर बदलायला सांगितलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की ही कल्पना तुमचीच का, आणि मी हो म्हणालो. ओंजळकर मी माझ्या मनानं बदलला. का बदलला हे मला लिहितानाच ठाऊक होतं.

त्या सुटीत मी तुझ्याबरोबर म्हसवडला आलो होतो. बाजारात उतरून आपण तुमच्या वस्तीपर्यंत कोस-दीड कोस चालत गेलो. माझे पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत भरले होते. तुझ्या आबांनी दारात घागर आणून ठेवली, वर तांब्या ठेवला आणि म्हणाले, पाय धुवा. आमच्याकडे पाव्हण्यानं पाय धुवायचे म्हणजे दारात चिखल व्हायचाच, नदी दोन हाकांवर. मी तांब्या बाजूला ठेवला, घागर उचलली आणि सगळी पायांवर ओतली. हात धुतले, मानेवर घेतलं, गाणंही म्हणत होतो वाटतं. तू माझ्याकडे बघत उभा होतास. कुणी मला अडवलं नाही.

तुझी आई सकाळभर माणगंगेच्या वाळूत झरा उकरून ती घागर भरून घेऊन आली होती, हे मला संध्याकाळी कळलं. मेंढरं आली, त्यांना पाणी मिळालं. कुत्र्याला मिळालं. तुला आणि मला मिळालं. आबांच्या वाट्याला काही उरलं नाही, आणि ते अंगणात घोंगडीवर बसून माझ्याकडे सांगलीच्या उसाची चौकशी करत होते. त्यांचे ओठ वाळलेले होते. मी ते बघितलं आणि माझं पाणी पिऊन टाकलं. अर्धं त्यांना द्यावं हे सुचलं होतं. पण दिलं असतं तर मला चूक कळलीय हे सगळ्यांना कळलं असतं.

सुटीनंतर तू वहीत दोन पदव्या लिहिल्यास आणि माझ्याकडे बघितलंसही नाहीस. मला सगळं समजलं होतं. मी नुसतं “छान आहे” म्हणालो. सात वर्षं तो माणूस माझ्या डोक्यात वाळलेल्या ओठांनी बसून होता, आणि त्याला खाली बसवायची सोय मिळाल्याबरोबर मी त्याला विदूषक केला. लोक हसले तेव्हा मला हलकं वाटलं, जोतीराम. हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं.

कृष्णात भेटला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंक आणि वही घेऊन म्हसवडला गेलो. आबा थकलेत, पण अजून मेंढरांमागे जातात. मी म्हटलं, आबा, एक गोष्ट लिहिलीय, वाचून दाखवतो. सुरुवातीला ते हसले, हत्तींना तर फारच हसले. मग ओंजळकर आला. मी कुठलाही आवाज न काढता, एकही शब्द न गाळता शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी अंक हातात घेऊन न्याहाळला. मग म्हणाले, “आमच्या जोतीनं सांगितलं हुतं, तुमच्या वहीतला ओंजळकर म्हंजी आमीच. लय मोटी पदवी हाय म्हनला.”

मी मान वर करू शकलो नाही. ते उठले, आत गेले आणि घागर आणून माझ्यापुढे ठेवली. वर तांब्या होता.

“उन्हाचं आलायसा. पाय धुवा.”

मी नको म्हणालो. “यंदा पाणी हाय,” ते म्हणाले. मला रडू आवरेना. मी कसंबसं म्हणालो की आबा, त्या वेळी मी तुमची घागर... त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही.

“तवा तुमी ल्हान हुता, पाव्हणं,” ते म्हणाले आणि काठी घेऊन मेंढरांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या आईबरोबर झऱ्यावर गेलो. वाटीनं घागर भरायला किती वेळ लागतो ते एकविसाव्या वर्षी कळलं. वाळूतून पाणी येईपर्यंत बसायचं, वाटी बुडेल इतकं झालं की घ्यायचं, पुन्हा बसायचं. भरलेली घागर मी खांद्यावर घेतली आणि वस्तीपर्यंत येता येता निम्मी सांडली. तुझी आई हसली आणि माझ्या ओल्या सदऱ्याकडे बघून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, तुमचं काम न्हवं ते.” मी परत गेलो आणि उरलेली भरून आणली. आबांनी मेंढरं आणल्यावर त्यातलं घेतलं, सगळ्यांच्या शेवटी.

आता कामाचं. या गोष्टींचं पुस्तक निघणार होतं, पहिल्या सोळा पानांचे खिळे जुळवूनही झाले होते. ते मी पुन्हा सुटे करायला लावले. मालक रागावलेत, रागावू देत. कल्पना तुझी आहे असं पत्र संपादकांना धाडलंय, ते पुढच्या अंकात येईल. वहीत होतं तसं झिरपूर मी पहिल्यापासून लिहायला घेतलंय. छापलं तर तुझं नाव आधी येईल. तू नको म्हणालास तर पुस्तक निघणार नाही आणि मी पुन्हा विचारणार नाही. वही या पत्राबरोबर धाडली नाही, टपालात हरवेल म्हणून. ती आबांकडे ठेवून आलोय, तुझी तुला मिळेल.

उत्तर लिहायलाच पाहिजे असं नाही. पण एक विचारतो. सांडलेलं भरून दिलं की पदवी सुटते, एवढंच तू लिहिलंयस. भरलं की नाही हे कुणी ठरवायचं, ते वहीत लिहायचं राहून गेलंय. ते तू ठरव. तोवर मी आहे तिथं आहे.

तुझा,
श्रेणिक
सांडकर, झिरपूर