उजेडातलं पाणी

३ मार्च, सोमवार

निघालो! सातला निघायचं ठरलं होतं, हे साडेसहालाच स्टिअरिंगवर जाऊन बसले. मी अजून गॅस बंद केला की नाही बघतेय, तर खालून हॉर्न. दोनदा! जन्मभर रात्रीची बस चालवली, पण बायको म्हणजे पॅसेंजर नव्हे, हे काही अजून डोक्यात शिरलेलं नाही.

लेकीने गाडीच्या मागे दोन सायकली बांधून दिल्यात. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, अंधार पडला की गाडी बंद. बाबांचं काही ऐकू नकोस." डोळ्यांच्या डॉक्टरांनी रात्रीचं चालवणं बंद केलंय ना. कडेचं दिसणं कमी होत चाललंय म्हणाले, डावीकडचं जास्त. सतरा तारखेला मोठी तपासणी आहे. दिवसाचं चालवणं राहील की तेही जाईल, ते तेव्हा कळणार. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. घरी आले आणि म्हणाले, "आपली जुनी लाईन एकदा दिवसा बघून येऊ."

जुनी लाईन म्हणजे ह्यांची नाईट. वाटेत नदी, मग धरण, मग मोठं तळं, आणि पहाटे समुद्र. समुद्राशी पोचायचं, गाडी लावायची, डेपोत जाऊन झोपायचं, रात्री परत. इतकी वर्षं पाण्याच्या कडेकडेने गेले आणि पाणी कधी धड पाहिलं नाही!

गाडी सुरू झाली तशी मी "टिंग टिंग!" केलं. दोन घंट्या म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. लग्नानंतर एवढं तरी शिकलेच. हे गालातल्या गालात हसले. बरं वाटलं.

४ मार्च, मंगळवार

नदी. पुलाच्या अलीकडे एक लॉज, खोली लहान पण खिडकी उघडली की पाणीच. सकाळी मी सायकल काढली आणि काठाने पार बंधाऱ्यापर्यंत जाऊन आले. शिवणकामाच्या दुकानात रोज सायकलनेच जायचे, पण तेव्हा हँडलला पिशव्या, डोक्यात गिऱ्हाइकं. आज हँडलला काही नाही, डोक्यातही काही नाही. काय सुख! समोरून येणाऱ्या अनोळखी बाईलासुद्धा हसून हात केला. ती बिचारी ओळख आठवत बसली असेल.

परत आले तर हे पुलावर उभे. म्हणाले, "मला वाटायचं इथे शेत आहे. सपाट काळं दिसायचं." मग बराच वेळ बघत राहिले.

चहा घेताना जुन्या गोष्टी निघाल्या. "आरशात बघायचं. मागची सगळी बस झोपलेली दिसली की समजायचं, गाडी नीट चाललीय." कुणी कधी शाबास म्हटलं नाही म्हणे, पण एकदा एक म्हातारा घोरत समुद्रापर्यंत आला आणि उठवल्यावर ह्यांनाच ओरडला— "इतक्यात आलं?" ते सांगताना काय खूश!

आणि स्वतः? दुसऱ्याच्या गाडीत डोळा मिटेल तर शपथ. जावयाच्या गाडीत दिवसभर पाय दाबून बसतात, जणू ब्रेक ह्यांच्याच पायाखाली. आगगाडीतही टक्क जागे. विमानात एकदा गेलो तर पायलटच्या बंद दाराकडे डोळे लावून बसले होते. कर्म माझं!

५ मार्च, बुधवार

धरण. गुडघे बोलताहेत, पण मी मजेत.

६ मार्च, गुरुवार

आज सरळ विचारलं. "थोडी मी चालवू का?"

गेल्या वर्षी लायसन्स काढलंय मी, साठीला! शिकवणारा सर माझ्या भाच्याच्या वयाचा, तोही म्हणाला, काकू, तुमचा हात सरळ आहे. सरळ असणारच, आयुष्यभर शिलाई मारली. लेकीला घेऊन बाजारात जाऊन येते, स्टेशनवर सोडते. पण हे माझ्या शेजारी एकदाही बसलेले नाहीत. काहीतरी काम निघतंच ऐनवेळी.

"रस्ता तुझ्या ओळखीचा नाही," म्हणाले.

"आणि तुमच्या ओळखीचा, तोही अंधारातला!"

हसले. पण किल्ली खिशात ती खिशातच.

सतरा तारीख ह्यांच्याही मनात आहे, मला दिसतं. रोज सकाळी गाडी पुसतात, आधी कधी पुसत नव्हते. स्टिअरिंग सुटलं की माणूस उरेल ना माझा, एवढीच मला धास्ती. ह्यांच्याबरोबरचे एक ड्रायव्हर घरी बसले ते खिडकीजवळून उठलेच नाहीत पुन्हा. तसं नको. बाकी काय व्हायचं ते होऊ दे.

७ मार्च, शुक्रवार

तळं. अगं बाई, केवढं! पलीकडचा काठ दिसत नाही. काठाकाठाने सायकलींसाठी वेगळा रस्ता, बाकडी, होड्या, पाण्यात पाय सोडून बसलेली पोरंटोरं. दोघांनी मिळून चालवायची सायकल ह्यांनी भाड्याने घेतली, आणि अर्थातच पुढे हे. मागे बसून मला फक्त ह्यांच्या शर्टाची पाठ. पण वारा होता, हे शीळ घालत होते, मी म्हटलं, जाऊ दे, पाठ तर पाठ.

वळणावर लोखंडी खांब होता. गाड्या आत येऊ नयेत म्हणून लावतात तसा, पिवळा, कमरेएवढा. डाव्या हाताला. मला तो ह्यांच्या काखेखालून दिसत होता. वाटलं, दिसलाच असेल. एवढा पिवळाधम्मक!

सरळ त्याच्यावर गेलो.

फार लागलं नाही. माझं कोपर सोललं, ह्यांची पँट फाटली. लोक धावून आले, कुणी पाणी दिलं, एका मुलीने माझ्या कोपराला पट्टी लावली. सगळी चांगली माणसं. मी म्हटलं, "अहो, मीच हलले मागे, तोल गेला." कुणी विचारलं नसताना.

हे खांबाजवळ उभे होते. त्याच्यावर हात ठेवला. मग डोकं थोडं उजवीकडे फिरवलं, परत सरळ केलं. पुन्हा फिरवलं. तपासून बघत होते, कुठे येतो आणि कुठे जातो ते. मला बघवेना. मी सायकल उचलायला गेले.



८ मार्च, शनिवार

सकाळी स्वतःच म्हणाले, "चल, ती सायकल पुन्हा घेऊ. तू पुढे बस."

माझा कानावर विश्वास बसेना. बसले पुढे! आणि मग जे काय सुरू झालं! "हळू— पुढे म्हातारी— अगं डावीकडे घे— ब्रेक! ब्रेक!" पायाने रिकामंच दाबताहेत, सायकल गदागदा हलतेय. शेवटी मी थांबवली. "तुम्ही पॅसेंजर आहात. पॅसेंजर ड्रायव्हरशी बोलत नाहीत. पाटी असते ना तशी बसमध्ये?"

पुढे बराच वेळ मागून काहीच आवाज नाही. मला वाटलं, रागावले. मान वळवून बघितलं तर तोंड तळ्याकडे. पायडल आपले मारताहेत आणि पाणी बघताहेत. ऊन पाण्यावर, पाण्याचा उजेड ह्यांच्या तोंडावर.

देवा, हा एक दिवस दिलास, बास. मी आणखी मागणार नाही. (मागेन. पण आज नाही.)

९ मार्च, रविवार

गाडीत बसताना मला आशा होती. नाही. किल्ली ह्यांच्याच हातात. सायकल वेगळी आणि गाडी वेगळी म्हणे.

"अहो, तो खांब…"

"सायकलवर आरसे नव्हते," म्हणाले.

मी डावीकडे बसून ओरडत राहिले. डावीकडे सायकलवाला. डावीकडे शाळेच्या मुली. डावीकडे म्हैस. आधी म्हणत, "दिसतंय मला." मग काही म्हणेनात. धरणापेक्षाही सुंदर रस्ता आहे तो, समुद्र झाडांमधून दिसतो आणि लपतो, आणि मला त्यातलं काही आठवत नाही. दुपारनंतर तर हेच विचारायला लागले, "डावीकडे?" हळू आवाजात, जसं काही सहज विचारलं.

मी तोंडाने "टिंग" केलं. एकदाच. म्हणजे थांबा.

"तुझी घंटी चालत नाही," म्हणाले. आणि पुढे नेली.

रागाने रडू आलं. रडले नाही, डावीकडे बघायचं होतं ना.

१० मार्च, सोमवार

समुद्र! आणि मास्तर!

मास्तर म्हणजे ह्यांच्या बसचे कंडक्टर. पंधरा-सोळा वर्षं एका गाडीवर काढली दोघांनी. आता इथेच बंदराजवळ राहतात, सुनेचं छत्र्यांचं दुकान आहे, तिथे बसतात. पोट सुटलंय, केस गेलेत, आवाज मात्र तोच. दुकानातूनच ओरडले, "आलास होय? लेट आहेस!" दोघं एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत राहिले. वहिनींनी मला आत नेलं, कोपराची पट्टी बदलून दिली, खाऊ घातलं, पुन्हा खाऊ घातलं. काय माणसं!

दुपारी मास्तर म्हणाले, दीपस्तंभापर्यंत जाऊन येऊ. मी पुढे डावीकडे, मास्तर मागे. "मागेच बरं. मी आयुष्यभर मागेच होतो." हे स्टिअरिंगवर बसले, मास्तरांनी "टिंग टिंग!" केलं, आणि ह्यांची पाठ कशी ताठ झाली! खरंच सांगते, दहा वर्षांनी तरुण दिसले.

बंदराच्या रस्त्याला लागलो. मास्तर बडबड करत होते. मग बडबड थांबली. ते पुढे वाकून रस्ता बघत होते. मी "डावीकडे हातगाडी" म्हटलं. थोड्या वेळाने "डावीकडे दोन माणसं" म्हटलं. मास्तर माझ्याकडे बघताहेत हे मला कळत होतं. मी मान वळवली नाही.

"टिंग."

एकदाच. मास्तरांनी.

गाडी थांबली. ह्यांनी विचारलंसुद्धा नाही का म्हणून. इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. मग म्हणाले, "काय झालं, मास्तर?"

मास्तरांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "गड्या, मी मागे निवांत झोपायचो. आज झोप येईना मला."

बस. एवढंच. ह्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते, ते काढले. पुन्हा ठेवले. मग किल्ली फिरवून गाडी बंद केली, दार उघडलं, गाडीला पुढून वळसा घातला आणि माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं.

"उतर," म्हणाले. "तिकडे जा."

मी सीट पुढे ओढली. पाय पोचत नव्हते. पण गाडी सरळ गेली. दीपस्तंभापर्यंत आणि परत. मास्तर, तुमचे उपकार कसे फेडू? काल दिवसभर मी घसा फोडला, तुमचं एका घंटीत काम.

११ मार्च, मंगळवार

परत निघालो. मी चालवतेय! निघताना हे डावीकडून म्हणाले, "टिंग टिंग." जरा बारीकच आवाज होता, पण म्हणाले.

नंतर मात्र नाकी नऊ आणले. "गिअर बदल. आता नको. ट्रकच्या मागे चिकटू नकोस. अगं, हॉर्न दे! देऊ नकोस एवढा!" पायाखालची रबरी चटई दाबून दाबून गोळा केली. तळ्याशी पोचेपर्यंत दोनदा भांडलो, एकदा कडेला थांबून व्यवस्थित भांडलो. मग टपरीवर चहा घेतला. ह्यांनी माझ्या कपातली साय काढली, सवयीने, मला आवडत नाही म्हणून.

माणूस आहे माझा अजून. भांडतोय, म्हणजे आहे.

१२ मार्च, बुधवार

सकाळी दोघांची सायकल घेतली. मी पुढे. आज ब्रेक दाबले नाहीत. खांबाजवळून जाताना त्याला मागून "काय रे!" म्हणाले.

दुपारी धरणापर्यंत मी आणली गाडी. डॉक्टरांचा विषय स्वतः काढला. "सतराला तूच ने मला," म्हणाले. "रिक्षा कशाला?"

१३ मार्च, गुरुवार

घरी पोचलो. सुखरूप.

नदीच्या रस्त्याला दुपारी पाणी असं चकाकत होतं की राहवलं नाही. म्हटलं, "अहो, बघा ना डावीकडे!" उत्तर नाही. वाटलं, पुन्हा काही चुकलं माझं. बघितलं तर मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, पाय सैल. घोरत होते.

पुढे रस्त्यात म्हैस आडवी आली. मी हॉर्न वाजवला नाही. जाऊ दिली तिला.