माझी शुगर, माझा हक्क

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
सकाळी दात घासत असताना फोन. कोणी बाई. "दानीएल सर, तुमची शुगर वाढलीय ना? आमच्याकडे कारल्याच्या गोळ्या आहेत." ब्रश तोंडातच राहिला. शुक्रवारी लॅबमध्ये रक्त दिलं, शनिवारी रिपोर्ट आला आणि आज हे! साराला, माझ्या बायकोला, अजून मी खरा आकडा सांगितलेला नाही. आणि ह्या बाईला ठाऊक!
डोकं तापलं आहे. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक आहे, कुणीही येता-जाता वाचावी अशी एसटी स्टँडवरची पाटी नाही.
संकल्प: लॅबला कोर्टात खेचणार. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलंय. नऊच्या नऊ.

५ फेब्रुवारी
लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, माझी माहिती कुणाला विकली? ती म्हणाली, अंकल, जरा हळू बोला. मी आवाज चढवला. माझी शुगर दोनशे ऐंशी आहे हे जगाला सांगायचा तुम्हाला अधिकार काय, असं ठणकावलं. सगळे पेशंट माझ्याकडे बघायला लागले. एकाने मेथ्या भिजवून खायला सांगितल्या. एक आमच्या गल्लीतलाच निघाला.
लॅबमुळे अजून बदनामी. हेही तक्रारीत घालणार.

१० फेब्रुवारी
कानिफनाथ वकिलाकडे. माझा विद्यार्थी, भूगोलात कच्चा. म्हणाला, सर, डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ लाच झालाय, पण नियम अजून मसुद्यातच आहेत. सरकारने लोकांकडून सूचना मागवल्यात.
घरी येऊन सूचना लिहिल्या. कडक भाषेत. वेबसाइटने आधी माझाच मोबाईल नंबर मागितला. दिला नाही. सूचना गेल्या नाहीत. तत्त्व म्हणजे तत्त्व.
किराणा दुकानातही बिलाला नंबर मागितला. भांडलो. तूरडाळ तिथेच ठेवून आलो. रात्री साराने कोरडा भात वाढला. हिला हक्कांची जाणीवच नाही.

२ मार्च, रविवार
जास्मिन, आमची एकुलती एक मुलगी. कोल्हारला शिक्षिका. ती आणि जावई जस्टिन मूल व्हावं म्हणून पुण्याच्या डॉक्टरांकडे जातायत, असं आज साराने सांगितलं. वर म्हणाली, कुणाला बोलू नका.
मी कशाला कुणाला बोलतोय?
चर्चच्या प्रार्थना ग्रुपवर विनंती टाकली फक्त. ग्रुपचा अ‍ॅडमिन मीच. देवाला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे. तरी काळजी म्हणून नाव घातलं नाही. एवढंच लिहिलं: 'केडगावच्या दानीएल सरांची एकुलती एक कन्या, कोल्हारला शिक्षिका. मूल होण्यासाठी पुण्यात उपचार सुरू. दोष कोणात आहे ते रिपोर्ट आल्यावर कळवू.'
हात जोडलेले इमोजी खूप आले. लोक चांगले आहेत.

९ मार्च
मेसेज कोल्हारच्या चर्चपर्यंत पोचला. तिथे आज भर उपासनेत जास्मिनच्या गर्भाशयासाठी मोठ्याने प्रार्थना झाली. नाव घेऊन. जास्मिन दुसऱ्याच ओळीत बसली होती म्हणे.
नाव मी दिलेलं नाही. ज्याने दिलं त्याला शोधून काढणार.

१५ मार्च, शनिवार
जास्मिन आली. चप्पल न काढता उभी राहिली.
"पप्पा, मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. मम्मीला सांगितलं होतं."
मी म्हणालो, "अगं, तुझ्या भल्यासाठीच..."
"स्टाफरूममध्ये बायका मला अंगारा आणून देतायत. जस्टिनला त्याचे मित्र विचारतायत, दोष तुझ्यात का? तुमची शुगर एका बाईला कळली तर तुम्ही वकील गाठला. माझं पोट काय चौकातला फ्लेक्स आहे?"
मी शांतपणे समजावलं. (सारा म्हणते, ओरडून.) कायदा नीट वाच, म्हणालो. एखाद्याने घरगुती कामासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागूच होत नाही. बाप-लेकीचं घरगुतीच. कलमासकट सांगितलं. तिने पर्स खांद्याला लावली. मुद्दा पटला असावा.
चहा न घेता गेली. फाटकापाशी डोळे पुसत होती. केडगावात धूळ फार.
संकल्प: ती माफी मागेपर्यंत कोल्हारला पाय ठेवणार नाही. लोकांचा गैरसमज नको म्हणून संध्याकाळी ग्रुपवर सविस्तर खुलासा टाकला.

१६ मार्च
जास्मिन ग्रुपमधून बाहेर. जस्टिन बाहेर. दुपारी साराही बाहेर. ती तर स्वयंपाकघरातच होती. विचारलं तर म्हणाली, नेटवर्कचा प्रॉब्लेम.

२० जून
माफी नाही. जास्मिन फक्त साराला फोन करते. फोन आला की सारा गच्चीवर जाते. खाली रेंज नाही म्हणे. माझ्या फोनला खाली भरपूर रेंज आहे. कारल्याच्या गोळ्यावाल्या बाईंना विचारा.

२८ सप्टेंबर
सारा जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवतेय. इतक्या लहान, की त्यात माझा एक पायही मावणार नाही. म्हणाली, चर्चच्या सेलसाठी. असल्या गोधड्या कोण विकत घेणार? धंद्याची अक्कल नाही.

१४ नोव्हेंबर
डेटा कायद्याचे नियम आले! पेपर घेऊन पळत कानिफनाथकडे. आता लॅबला नोटीस काढ, म्हणालो. तर म्हणतो, सर, महत्त्वाची कलमं अजून दीड वर्षाने लागू होतील. आणि लॅबनेच माहिती दिली याला पुरावा काय?
पुरावा असता तर तुझी पायरी कशाला चढलो असतो? दीड वर्ष! तोवर माझ्या शुगरने काय करायचं? ह्या देशात सामान्य माणसाची किंमत शून्य. रागाने रिक्षाऐवजी पायी आलो. वाटेत दोन जिलब्या खाल्ल्या. रागात.

२५ डिसेंबर
ख्रिसमसलाही जास्मिन आली नाही. मी मोठ्या मनाने तिला माफ करून टाकलं. अर्थात कळवलेलं नाही. तिने ओळखायला हवं.

२ जानेवारी २०२६
सारा कोल्हारला गेली. जस्टिनच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. डबा भरून डिंकाचे लाडू नेले. गुडघ्याला डिंक चांगला. मला एकही ठेवला नाही. शुगर! आता घरातही तेच.

६ जानेवारी, मंगळवार, सकाळ
दगडाबाई दूध घालायला आली. गल्लीतल्या सगळ्या बातम्या हिच्याकडून. म्हणाली, "सर, बाई कवा येनार? बाळंतिनीसाठी अळीव आनलेत."
"कोणती बाळंतीण?"
तिने पदर तोंडाला लावला. "बया! तुमाला न्हाई सांगितलं व्हय?"
मी दुधाचं पातेलं खाली ठेवलं.
"मी काय बोलले न्हाई बरं का सर. बाईंनी शपथ घातलीया. इतके म्हैने पोटात ठिवलं, आन आज मेलं तोंडातनं गेलं. जास्मिनताईला कळू दिऊ नका. लई वाईट वाटंल तिला."
दगडाबाईला माहीत! दूधवालीला! आणि मला, बापाला, नाही! अंगाची आग होतेय. निघालो. एकेकाला जाब विचारणार. साराला आधी.

तोच दिवस, दुपार, कोल्हार
दवाखान्यातल्या बाकावर बसून मोबाईलमध्ये लिहितोय.
खोलीच्या दारात सारा. म्हणालो, मी आजोबा आहे, बाजूला हो. ती हलली नाही. म्हणाली, "जास्मिनला विचारून येते." दार आतून लावून घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारात हिने मला कधी दाराबाहेर उभं केलं नव्हतं.
बाहेर आली. म्हणाली, "थांबा म्हणते."
किती वेळ?
"ते नाही सांगितलं."
मुलगा की मुलगी?
"तेही तीच सांगेल."
बसभर मुद्दे तयार करत आलो होतो. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिरकं. मुद्दे एकदम कुठे गेले कळेना. साराने हाताला धरून बाकावर बसवलं आणि आत गेली.
बसलोय. जास्मिन विचार करतेय.
शेजारचे गृहस्थ आत्ताच म्हणाले, अभिनंदन! काय झालं, नात की नातू?
म्हणालो, ते आमचं खाजगी आहे.