सतराव्या पानावरचं रीडिंग

सर, मी समुद्रपूर. सिव्हिल डिप्लोमाच्या आमच्या वर्गात तुम्ही कुणालाच नावानं हाक मारली नाही. देवळी, आर्वी, हिंगणघाट, सेलू. एकाच गावचे दोघं निघाले तर मोठा आणि लहान. समुद्रपूरची मी एकटीच होते, त्यामुळे तीन वर्षं अख्खा तालुका माझ्या नावावर होता. आता साइटवर मला मॅडम म्हणतात. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, आणि हे पत्र पोचेल असा पत्ता नाही, हे मला कळतं. तरी लिहिते आहे, कारण आज सकाळी माझ्या तोंडून दोन शब्द गेले. ते तुमचे होते. त्यांचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता आणि आजही लागलेला नाही.

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला तुम्ही खडूचा रिकामा डबा वर्गात फिरवलात. "रबर टाका यात." आम्हाला वाटलं, गंमत आहे. तुम्ही डबा हलवत बाकाबाकाशी थांबलात. "सर्व्हेच्या वहीत खोडाचं नसते. चुकलं तं एक रेघ मारजा अन् वर बरोबर आकडा लिहजा. चुकलेला आकडा वाचता आला पाह्यजे. कोन कुठं चुकला, हेच तं पाहाचं असते." मागून देवळीनं विचारलं, "सर, परीक्षेतही का?" तुम्ही म्हणालात, "परीक्षेत तू आधी लिहशील, तवा खोडशील ना बाप्पा." सगळे हसले, देवळीही हसला. दुसरा नियम तुम्ही फळ्यावर लिहिला नाहीत, फक्त सांगितलात: रीडिंग शिजवायचं नाही. हिशेब जुळत नसला की एखादा आकडा हळूच बदलून तो जुळवायचा, याला आपल्याकडे शिजवणं म्हणत. "शिजवाचं असन तं वरण शिजवा," असं तुम्ही म्हणायचात. मला हे दोन्ही नियम फार आवडले. आमचं कापडाचं दुकान. वडील कापड मोजताना मीटरमागे दोन बोटं जास्त सोडायचे आणि त्याला माणुसकी म्हणायचे. मला ते मोजमाप वाटायचं नाही. तुमच्या तासाला पहिल्यांदा वाटलं की आपण योग्य ठिकाणी आलो. त्या वर्षी सर्व्हेत मी पहिली आले आणि वहीत एकदाही खोडलं नाही.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात आंजीच्या पुढच्या एका गावात कॉलेजचं दहा दिवसांचं श्रमदान शिबिर होतं. हातपंपाच्या ओट्यापासून नाल्यापर्यंत सांडपाण्याची नाली खोदायची, लांबी एकशेऐंशी मीटर. शिबिरप्रमुख म्हणून तुम्ही मला नेमलंत, तेव्हा मुलं नाराज झाली. मीही झाले. मी साहित्याच्या खोलीत येऊन म्हटलं, "सर, मला जमणार नाही, मी फारशी बोलत नाही." तुम्ही तिपाईचे स्क्रू तपासत होतात. वर न बघता म्हणालात, "बोलणारे वीस आहेत. मले बोलणारं नाई पाह्यजे." ही स्तुती होती की नाही, ते मला समजलं नाही. मी तिला आज्ञा समजले आणि कामाला लागले. मुक्काम गावच्या शाळेत होता, तिच्या भिंतीवर रोजचा तक्ता लावला: उठणं, चहा, खोदकाम, जेवण, गावातली साक्षरतेची पाहणी, सगळं वेळेसकट. तिसऱ्या दिवसापासून मुलं मला टाइमटेबल म्हणू लागली. "उठा बे, टाइमटेबल आली." मला राग आला नाही. तक्त्याप्रमाणे काम होत होतं आणि ते माझ्यामुळे होत होतं, ही भावना मला नवीन होती. मी ती कुणाला दाखवली नाही. माझी रूममेट आर्वी तेवढी म्हणाली, "तू आजकाल जेवताना हसून राह्यली वं." मी नाही म्हटलं.

तिसऱ्याच दिवशी दुपारी मी नालीच्या रेषेवर लेव्हल, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण लावली. तीस तीस मीटरवर खुंट्या ठोकल्या होत्या, आर्वी खुंटीवर उभी पट्टी धरत होती, मी दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे वाचत होते. शाळेच्या पायरीपासून निघून नाल्यापर्यंत जायचं आणि मोजत मोजत परत पायरीवर यायचं. पायरीची उंची निघताना जी धरली, तीच परत आल्यावर निघाली पाहिजे. आमची पायरी दहा सेंटीमीटर खाली गेली होती. पाच वाजून गेले होते, ऊन पिवळं झालं होतं. सरपंच सकाळी आठला नारळ फोडणार होते, टिकास आणि फावडी मोजून ओळीत ठेवलेली होती, आणि भिंतीवर माझ्याच अक्षरात "सकाळी ८, खोदकाम" असं लिहिलेलं होतं. परत मोजायचं तर अर्धा दिवस जाणार. मी वर्गात जाऊन वही उघडली. सोळाव्या पानावर जातानाचे आकडे होते, सतराव्यावर येतानाचे. येताना उजेड कमी होता, तेव्हा चूक येतानाच झाली असणार, असं मी स्वतःला पटवलं. खिडकीच्या कठड्यावर तिसरीतल्या कुणाचं तरी गुलाबी रबर पडलेलं होतं, त्याला गोळ्यांचा वास होता. मी १.४२० चं १.३२० केलं. फक्त चारचा तीन. पट्टीवरचा आकडा कमी झाला की जागा तेवढी वर येते. पायरी जागेवर आली.

तुम्ही दुसऱ्या दिवशी साडेसातच्या एसटीनं आलात. वही मागितलीत, उभ्या उभ्या पानं उलटलीत. सतराव्या पानाशी थांबलात. रबर घासलं की कागद पातळ होतो आणि त्याची चकाकी वेगळी दिसते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. तुम्ही वही उन्हाकडे कलवलीत. की डोळ्यावर ऊन येत होतं म्हणून ती आडवी धरलीत? हे मी नंतर शेकडो वेळा आठवून पाहिलं आहे आणि दर वेळी वहीचा कोन थोडा वेगळा आठवतो. मी म्हटलं, "सर, परत एकदा लेव्हल लावून पाहू का?" माझ्या परीनं तेवढीच कबुली होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "राहू दे." मग खाली लाल शाईनं सही केलीत, आणि सरपंचांनी नारळ फोडला.

सातव्या दिवशी नाली तयार झाली. हातपंपापाशी दोन ड्रम भरून ठेवले होते, ते ओतून पाणी नाल्यापर्यंत जातं का, ते पाहायचं होतं. नालीच्या मध्यावर एका मावशींचं घर होतं. त्या दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मुलांनी ड्रम आडवे केले. पाणी निघालं, मावशींच्या दारापुढून गेलं, पुढच्या खुंटीपाशी थांबलं, जरा विचार केल्यासारखं पसरलं आणि मागं आलं. मावशींनी सूप खाली ठेवलं. "बाई, हे पानी तं मलेच भेटाले येऊन राह्यलं." मुलं हसली. "नाल्याकडचा रस्ता त्याले कोनी सांगतला नाई वाटते," त्या म्हणाल्या. मग कोणी हसलं नाही, कारण पाणी त्यांच्या उंबऱ्याकडे वळलं होतं. सरपंचांनी विचारलं, "माप कोनं घेतलं होतं?" वीस जणांनी माझ्याकडे पाहिलं. माझं वाक्य तयार होतं. माप मी घेतलं, आकडा मी बदलला. व्याकरणात त्यात काही उणं नव्हतं. तेवढ्यात तुम्ही पुढं होऊन म्हणालात, "वही मी तपासली होती. सही माही आहे." सरपंच म्हणाले, "मंग सर, आता?" तुम्ही म्हणालात, "आता परत मोजू." आणि मी काहीच बोलले नाही. बोलणारे वीस होते, त्यातलंही कोणी बोललं नाही.

त्या दुपारी पट्टी मावशींनी धरली. "माह्या दारचं पानी आहे, मीच पाहीन," म्हणून त्या हटेचनात. मी दुर्बिणीतून सांगत होते, हलू नका मावशी. "मी कुठं हालतो? वारा हालवून राह्यला." थोड्या वेळानं, "काऊन वं बाई, त्या भोकातून मी कशी दिसतो?" मी म्हटलं, उलट्या दिसता. जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. त्यांना ते फार आवडलं. गावभर सांगत होत्या, मी उलटी उभी राह्यली अन् हालली नाई. चूक सोळाव्या पानावर निघाली. जाताना मधल्या खुंटीवर १.३६५ ऐवजी मी १.४६५ लिहिलं होतं, त्यामुळे तिथून पुढची जमीन दहा सेंटीमीटर खाली धरली गेली आणि नाली तेवढी उथळ राहिली. म्हणजे चुकीचा आकडा तसाच राहिला आणि मी बरोबर आकडा खोडला. सोळाव्या पानावर एक रेघ मारून वर दुरुस्ती लिहिली. सतराव्यावर काही करता आलं नाही. खोडलेल्यावर रेघ कशी मारायची, ते तुम्ही शिकवलं नव्हतं. पुढचे दोन दिवस मुलांनी मधल्या खुंटीपासून नाल्यापर्यंतची नाली दहा सेंटीमीटर आणखी खोल केली. मीही खोदलं. हाताला फोड आले आणि त्यामुळे बरं वाटलं. बरं वाटण्याचा मला काही हक्क नव्हता. नवव्या दिवशी संध्याकाळी पाणी नाल्यात पडलं.

शिबिर संपल्यावर मी वही जमा करायला साहित्याच्या खोलीत आले. तुम्ही पट्ट्या मोजून कपाटात लावत होतात. मी वही पुढं केली. तुम्ही हात पुढं केला नाहीत. "राहू दे तुह्यापाशीच." या वेळी अर्थ सरळ होता, निदान तसं वाटलं. पण मग पहिला अर्थ जास्तच अवघड झाला. नारळाच्या सकाळचं ते राहू दे म्हणजे एवढी कष्टी नको होऊस, तुझ्यावर माझा विश्वास आहे, असं होतं? की आकडा खोडलाच आहेस तर आता तसाच राहू दे, त्याचं काय होतं ते बघ? तसं असेल, सर, तर मावशींच्या उंबऱ्यावर तुम्ही मला धडा शिकवलात, आणि ते मला मान्य नाही. आणि तुम्ही काही पाहिलंच नसेल, एसटीतून उभ्यानं आलेल्या माणसाला नुसतं काम सुरू व्हायला हवं असेल, तर इतकी वर्षं मी एका दमलेल्या माणसाच्या दोन शब्दांशी भांडते आहे. स्नेहसंमेलनात मला उत्कृष्ट स्वयंसेविकेचं प्रमाणपत्र मिळालं. तुम्ही माइकवर म्हणालात, "नाली वाह्यली, कारण या पोरीनं चूक शोधून काढली." तेही खरं होतं. तुमचं कुठलंच वाक्य खोटं नसायचं, याचाच मला त्रास होतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी नागपुरात डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला होते. हॉस्टेलच्या फोनवर आर्वी होती. "सर गेले." मी विचारलं, "कोणते सर?" ती म्हणाली, "आता कोणते काय विचारून राह्यली." मला माहीत होतं. दोन तासांची बस होती आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. मी प्रॅक्टिकलला गेले. त्यात पूर्ण मार्क मिळाले.

आज सकाळी कालव्याच्या साइटवर माझ्या हाताखालच्या ट्रेनी मुलीची वही तपासत होते. एका आकड्याखाली कागद चकाकत होता. मी वही उन्हाकडे कलवली. हा कोन मात्र मला नीट आठवतो. ती म्हणाली, "मॅडम, परत घेऊ का?" आणि मी म्हणाले, राहू दे. ती गेली, मी तिथंच उभी राहिले. मला काय म्हणायचं होतं, ते मला सांगता येईना. मला तिची दया आली नव्हती, तिच्यावर विश्वास बसला नव्हता, तिची परीक्षाही घ्यायची नव्हती. शब्द आले आणि गेले. दुपारी मी स्वतः लेव्हल लावली, ती पट्टी धरून उभी होती. चार मिलिमीटरमध्ये जुळलं. मी विचारलं, मग खोडलं का? ती म्हणाली, "मॅडम, सात वाकडा आला होता." तिची काही चूक नव्हती. मी मात्र तिला खोडायचं नाही म्हणून बोलले, तेही जरा जास्तच. तिनं मान खाली घातली. याच्यातून मला तुमच्याबद्दल काही कळेल, असं वाटलं होतं. नाही कळलं.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुम्ही गेल्यावर चार महिन्यांनी माझी नोकरीची मुलाखत झाली. समोर तिघं बसले होते. कॉलेजात नेतृत्व केलंय का, एखादी चूक निस्तरली आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नालीची गोष्ट सांगितली. मी तीन वाक्यं बोलले. वही आमच्या सरांनी तपासली होती. त्यांच्या नजरेतून चूक सुटली. ती मी नंतर शोधून काढली. पहिलं वाक्य खरं आहे, तिसरंही खरं आहे. त्यांना उत्तर आवडलं. नोकरी मिळाली, ती अजून आहे.

हे मी त्याच वहीत लिहिते आहे. चोविसाव्या पानापासून पुढची पानं कोरी होती. सर्व्हेच्या वहीला छापलेले नंबर असतात, पान फाडता येत नाही, म्हणून हे कुठं पाठवायचा प्रश्नच येत नाही. खाली मुलाखतीतलं ते मधलं वाक्य पुन्हा लिहिलं आहे, वाचता येईल असं, आणि त्यावर एक रेघ मारली आहे. वर बरोबर काय लिहायचं ते मला माहीत नाही. वरची ओळ मोकळी सोडली आहे.