बिनधास्त ‘येस’ दाबा

२ जून, सोमवार
आजपासून जलशुद्धीकरण केंद्राची रोजची एक्सेल फाईल माझा प्रोग्राम बनवणार. पाणी किती गढूळ ते केमिस्टबाईंनी भरायचं, क्लोरीन किती घालायचं ते टेबलातलं सूत्र सांगणार. बाईंचा कॅल्क्युलेटर मी खणात टाकला. गावाचं भाग्य!

३ जून
फाईल उघडताना एक्सेल कुरकुरतं: मजकुरात गडबड आहे, दुरुस्त करू का? भलतंच भित्रं. ‘येस’ दाबलं की मुकाट उघडतं. मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली: बिनधास्त ‘येस’ दाबा. प्रश्न मिटला.

५ जून
बाई म्हणाल्या, ‘येस’ दाबल्यावर ‘सूत्र काढून टाकलं’ अशी ओळ येते. म्हटलं, ती खिडकी वाचायची नसते, बंद करायची असते. मी वापरतो त्या तयार कोडच्या लायब्ररीत म्हणे टेबलाची सूत्रं वेगळ्या पद्धतीनं लिहावी लागतात. मदतीचं पान रविवारी नक्की वाचणार.

८ जून, रविवार
जेवण जड झालं. डोळा लागला.

९ जून
नदी लालभडक गढूळ. क्लोरीनचा आकडा मात्र आठवडाभर एकच, तसूभर हलला नाही. याला म्हणतात स्टेबल सिस्टीम! बाईंनी कॅल्क्युलेटर परत मागितला. साहेबांनीच झापलं त्यांना, फाईल सांगेल तेवढंच घाला म्हणून. बरं झालं.

११ जून
गल्लीत तीन घरांत जुलाब. बाहेरचं अरबट-चरबट खातात, दुसरं काय! बायको पाणी उकळायला लागली. माझ्या घरात? मी गॅस बंद केला. चिमीसमोर नळाचं पाणी पेलाभर घटाघटा प्यायलो. तिनंही लगेच बाबासारखा पेला रिकामा करून दाखवला. वाघीण माझी!

१२ जून
पोटात कळा. कामाचं टेन्शन.

१३ जून
हॉस्पिटल. चिमीला सलाईन. वॉर्ड भरला, व्हरांड्यातही गाद्या. बाईंचा फोन आला. त्यांनी हातानं हिशेब केला, क्लोरीन हवं त्याच्या निम्मंच जात होतं. सूत्र रोज ‘येस’बरोबर उडायचं, उरायचा तो मी चाचणीसाठी टाकलेला आकडा. म्हटलं, या रविवारी वाचणारच होतो.

चिमीनं पाणी मागितलं. बायकोनं घरून उकळून आणलेलंच मी पेल्यात ओतून पुढे केलं. पोरीनं तोंड फिरवलं. बाबाचं नको म्हणाली, आईच्या हातचं दे.