सरासरी बरोबर होती

सर,

जानेफळच्या शाळेत तुम्ही आम्हाला रसायनशास्त्र शिकवत होतात. एकदा प्रयोगाच्या तासाला तुम्ही गाळणकागदावर काळ्या शाईचा ठिपका दिलात आणि कागदाची कड पाण्यात बुडवून धरायला सांगितलंत. पाणी वर चढेपर्यंत मी वहीत निळा, तांबडा, पिवळा असं लिहून मोकळी झाले होते. तुम्ही वही उचललीत. "काऊन वं, रंग अजून फुटले नाही अन् तुले दिसले बी?" वर्ग हसला, मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत, कागद वाळेपर्यंत नुसते शेजारी उभे राहिलात. माझ्या कागदावर पिवळा आलाच नाही.

आता मी मलकापुरात, पाण्याच्या टाक्यांचे सांधे बुजवायचं रबर बनवणाऱ्या कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळते. कच्चा माल मधासारखा दाट, वाहता पॉलिमर. त्याच्या प्रत्येक लांब साखळीच्या दोन्ही टोकांना एकेक पकड हवी. तरच साखळ्या एकमेकींना धरतात आणि रबर घट्ट होतं. मागच्या हिवाळ्यात नवा माल आला. दर साखळीमागे पकडींची सरासरी अगदी दोन, पण नमुन्याचा सांधा आठ दिवसांनीही बोटाला चिकटत होता.

कारखान्याचे साहेब म्हणाले, "आकडा तर बरोबर आहे न मॅडम? मंग माल काऊन अडवून राह्यल्या?"

"आकडा सरासरीचा आहे. मले साखळ्या वेगळ्या करून पाहू द्या." प्रयोगशाळेत मी असं बोलत नाही, पण त्या दिवशी 'मले'च निघालं.

सिलिकाची बारीक पूड भरलेल्या नळीतून मी नमुना सोडला. बिनपकडीच्या साखळ्या सिलिकाला धरत नाहीत, म्हणून आधी बाहेर पडतात. मग एक पकडवाल्या, मग दोनवाल्या. पडद्यावरच्या आलेखात पहिलाच, बिनपकडीच्या साखळ्यांचा उंचवटा भलामोठा आला, आणि अगदी शेवटी फाटे फुटलेल्या, तीन पकडींच्या साखळ्यांचा त्याहूनही मोठा. या दोन टोकांनी मिळून सरासरी दोनवर आणली होती. तीनदा नमुना चालवला, तिन्ही वेळा तेच. साहेबांनी आलेख पाहिला आणि स्वतः गोदामात जाऊन त्यांनी पिंपं बाजूला काढायला लावली. पुरवठादारानं दोन वेगळे माल मिसळल्याचं कबूल केलं. आता माझ्या आलेखाशिवाय एकही पिंप आत येत नाही.

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. हे पत्र कपाटातच राहील, म्हणून हेही लिहिते. माल आला त्या दिवशी नुसती सरासरी पाहून 'योग्य' असा शेरा मारून सही केली होती ती मीच. नंतर ती खोडली. पण साहेबांना 'तपासणीत आढळलं' एवढंच सांगितलं. 'मी चुकले' हे अजून म्हटलेलं नाही.