वाळवून गोठवलेले बेडूक

बालीगंज, मंगळवार, २१ नोव्हेंबर १९७२

आज सहाही बेडूक गेले. मातीतले सूक्ष्म कृमी हळूहळू वाळवून गोठवले, तर नंतर पाण्यात टाकताच वळवळू लागतात. बेडकाच्या अंगातलं पाणी जरा जास्त काढलं की तो गोठवण्याआधीच मरतो. मग माणसाचं काय? हे मी कुणासाठी विचारतोय, ते कॉलेजात कुणालाच ठाऊक नाही.

ट्रामनं घरी आलो. कुसुमचे पाय कालच्यापेक्षा जास्त सुजलेले. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून तिच्या अंगात पाणी साठतंय. डॉक्टर म्हणतात, फार तर महिना. पाय चेपत बसलो. बोट दाबलं की खळगा तसाच राहतो.

"जमलं का हो आज?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं झालं. शंभर वर्षांनी मला उठवलंत, तर ओळखीचं कोण असणार तिथं?"

पुन्हा पायावर बोट दाबून पाहिलं. पुन्हा खळगा.

"उद्या घरीच राहा ना," ती म्हणाली.

हो म्हणालो. सहा महिने माझ्या साऱ्या संध्याकाळी बेडकांपाशी गेल्या. तिच्या इथं, एकटीच्या.